एकाने झोपायचं, एकाने जागायचं

ऑस्ट्रेलियाकडून पश्चिमेला निघालेल्या लहान शिडाच्या बोटींना हिंदी महासागर ओलांडायला दोन वाटा आहेत. एक उत्तरेची: श्रीलंका, मालदीव, मग एडनचं आखात आणि तांबडा समुद्र. आधी सोमाली चाच्यांमुळे आणि अलीकडे येमेनच्या किनाऱ्यावरून झालेल्या हल्ल्यांमुळे ही वाट बहुतेकांनी सोडून दिली आहे. दुसरी दक्षिणेची: डार्विन, ख्रिसमस बेट, कोकोस, रॉड्रिग्ज, मॉरिशस, रियुनियन आणि शेवटी दक्षिण आफ्रिका. या वाटेवर चाच्यांची भीती नाही, पण समुद्र तुमची काही गय करत नाही. त्यातला कोकोस ते रॉड्रिग्ज हा टप्पा सुमारे २००० सागरी मैलांचा, म्हणजे साधारण ३७०० किलोमीटरचा. मधे थांबायला एकही बेट नाही, आणि माघारी फिरावं म्हटलं तर वारा तोंडावर. अख्खा पॅसिफिक ओलांडून आलेली मंडळीही या टप्प्याविषयी जरा जपूनच बोलतात.

हा टप्पा मी आणि माझ्या नवऱ्याने एका जुन्या, अडतीस फुटी बोटीतून केला. नवऱ्याचं आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलेलं, माझं शाळेत भूगोल शिकवण्यात. त्याला समुद्र नवा नव्हता. पण पन्नास हजार टनांच्या जहाजावर वीस-बावीस माणसं असतात, स्वयंपाकी असतो, इंजिनरूममध्ये कुणीतरी सतत जागं असतं. इथे कप्तान, खलाशी, स्वयंपाकी आणि मेकॅनिक मिळून दोघंच, त्यातही एका वेळी जागं एकच.

कोकोस बेटं शोधायला नकाशावर भिंग घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातली ही सत्तावीस प्रवाळबेटं. वस्ती त्यातल्या फक्त दोन बेटांवर, सगळी मिळून सहाशेच्या आसपास माणसं. होम आयलंडवर मलाय वंशाचे मुसलमान राहतात. त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात नारळाच्या मळ्यांत राबायला आणलं होतं. क्लुनिज-रॉस नावाच्या स्कॉटिश घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इथे जवळजवळ राजासारखा कारभार केला. १९८४ साली बेटवासीयांनी मतदान करून ऑस्ट्रेलियात सामील व्हायचं ठरवलं. चार्ल्स डार्विन १८३६ च्या एप्रिलमध्ये 'बीगल' जहाजातून इथे आला होता. बुडत जाणाऱ्या ज्वालामुखी बेटाभोवती प्रवाळ वर वर वाढत राहतं आणि शेवटी नुसतं कडं उरतं, ही त्याची कंकणद्वीपांची उपपत्ती त्याने इथलं कंकण पाहून पडताळली. वर्गात फळ्यावर मी जी आकृती खडूने काढत आले, तिच्या आतल्या हिरव्यागार पाण्यात आमचा नांगर पडला होता.

परदेशी बोटींनी थांबायचं ते डायरेक्शन आयलंडजवळ. बेटावर कुणी राहत नाही. नारळाची झाडं, एक शेड आणि त्या शेडमध्ये येऊन गेलेल्या बोटींनी टांगलेल्या नावांच्या पाट्या, एवढंच. १९१४ साली मात्र इथे समुद्राखालच्या तारेचं आणि बिनतारी संदेशाचं ठाणं होतं. मद्रासवर तोफगोळे टाकून गेलेली जर्मन युद्धनौका 'एम्डन' ९ नोव्हेंबरला ते मोडायला आली. ठाण्यावरून मदतीचा संदेश आधीच गेला होता. 'सिडनी' ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका येऊन ठेपली आणि 'एम्डन'ची लढाई जवळच्या नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर संपली. किनाऱ्यावर उतरलेली जर्मन तुकडी मागे राहिली. तिचा अधिकारी हेल्मुट फोन म्यूके याने तिथेच नांगरलेलं 'आयेशा' हे तीन डोलकाठ्यांचं जुनं शिडाचं जहाज ताब्यात घेतलं आणि आपली माणसं घेऊन थेट सुमात्रातलं पाडांग गाठलं. गळकं जहाज, अपुरं पाणी आणि एवढी माणसं! त्या मानाने आमच्याकडे सगळंच होतं.

म्हणजे उपग्रहावरून हवामानाचा अंदाज मिळायचा. जवळून जाणारी जहाजं दाखवणारी एआयएस यंत्रणा होती, फुगवता येणारा जीवरक्षक तराफा होता, बोट बुडालीच तर आपली जागा कळवणारं इपर्ब होतं. डार्विन शहरातल्या भारतीय दुकानातून तूरडाळ, मूगडाळ, पोहे, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं भरून घेतलं होतं. कोकोसला भाजी विमानाने येते आणि तिची किंमतही विमानाच्या तिकिटाशी नातं सांगते. म्हणून कांदे, बटाटे, लाल भोपळा आणि कोबी असा टिकाऊ बाजार पुरवून खायचं ठरलं. ऑगस्टचा शेवट होता. दक्षिण हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत, तेव्हा त्याआधी आफ्रिकेकडे सरकणं भाग असतं.

निघालो त्या दिवसापासून वारा आग्नेयेचा. हेच ते व्यापारी वारे. हिवाळ्यात (तिकडचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा) मस्कारेन बेटांच्या (म्हणजे मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्जच्या) दक्षिणेला हवेचा जास्त दाबाचा मोठा प्रदेश तयार होतो. तिथून निघालेला वारा वायव्येकडे वाहतो, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन कोकणात पाऊस आणतो. म्हणून आपलं हवामान खातंही या मस्कारेन उच्चदाबावर डोळा ठेवून असतं. तो बळकट झाला की इकडे वारा वीस नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तीस होतो आणि दिवसच्या दिवस तसाच राहतो.

पण नुसत्या वाऱ्याची तक्रार नव्हती, तो मागून आणि बाजूने होता, बोटीला हवा तसाच. त्रास होता लाटांचा. वाऱ्याने उठवलेल्या लाटा आग्नेयेकडून यायच्या. त्याच वेळी चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली, दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेले लांबच लांब हेलावे नैऋत्येकडून यायचे. दोन्हींची गाठ बरोबर आमच्या बोटीखाली. एका लाटेने बोट उजवीकडे कलायची, ती सावरते न सावरते तोच दुसरी डावीकडे ढकलायची. या हलण्याला ताल नव्हता, त्यामुळे अंगाला सवय होईना. बसलेल्या माणसालाही सतत काहीतरी धरून, पायाने टेकू देऊन बसावं लागे. चहा कपात अर्धाच ओतायचा. स्टोव्ह बोटीबरोबर झुलणारा होता, तरी कुकर दोरीने बांधल्याशिवाय खिचडी लावता येत नसे. पहिले तीन दिवस मला उलट्या होत होत्या. नवरा म्हणाला, "चाळीस वर्षं जहाजावर काढली, पण असा लोळलो नव्हतो."

आता दोघांच्या बोटीवरच्या दिनक्रमाविषयी. तिथे खरी मेख आहे. समुद्रात नांगर टाकून झोपता येत नाही, खाली पाच हजार मीटर पाणी असतं. बोट दिवसरात्र चालत राहते आणि कुणीतरी जागं राहावंच लागतं. रात्री आम्ही तीन-तीन तासांचे पहारे लावले होते. सुकाणू मात्र कुणी धरून बसत नाही. बोटीच्या मागे वाऱ्यावर चालणारं एक यंत्र असतं, विंडव्हेन. वर एक पातळ फळी वाऱ्याच्या रोखाने उभी असते. बोट वाट सोडून वळली की वारा त्या फळीला आडवा पाडतो, तिच्यामुळे पाण्यातलं वल्हं तिरकं होतं, पाण्याच्या जोराने ते बाजूला फेकलं जातं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणू खेचून बोट पुन्हा वाटेवर आणतात. वीज लागत नाही, इंधन लागत नाही, कुरकुरही नाही. आम्ही त्याला 'गडी' म्हणायचो. गडी रात्रंदिवस राबायचा, आम्ही फक्त त्याच्या दोऱ्या झिजतात का ते पाहायचो.

पहाऱ्यावर असलेल्याचं काम दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षितिजावर नजर फिरवणं, एआयएस पाहणं, शिडं आणि वारा यांचा मेळ बघणं. बाकी वेळ आपण आणि अंधार. दोघं मिळून समुद्र पार करतात असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे तो दोन एकट्या माणसांचा प्रवास असतो. मी उठायचे तेव्हा तो झोपायला निघालेला असायचा. आमची भेट म्हणजे पहारा बदलतानाची पाच-दहा मिनिटं: "वारा पंचवीस. एक जहाज उजवीकडे होतं, गेलं. ढग येतोय मागून. पाणी पी." कित्येक दिवसांत याहून मोठं संभाषण झालं नसेल. संध्याकाळचं जेवण तेवढं एकत्र घ्यायचं, हा नियम आम्ही मोडला नाही.

दुसराही एक नियम होता आणि तो नवऱ्याने मोडला. कॉकपिट सोडून पुढे डेकवर जायचं असेल तर दुसऱ्याला उठवायचंच, मग तो कितीही गाढ झोपेत असो. एका रात्री मी झोपेत असताना पावसाची जोरदार सर आली. अशा सरीत वारा पाच मिनिटांत पंचविसाचा चाळीस होतो. हा एकटा डोलकाठीपाशी गेला, मोठं शीड आणखी एक टप्पा खाली घेऊन बांधलं आणि परत आला. मला कळलं ते दारात टपकत असलेल्या रेनकोटवरून.

"उठवलं का नाहीस?"

"तीन रात्री तुला नीट झोप नव्हती गं. आणि सुरक्षेचा पट्टा लावला होता मी."

"आणि पट्टा सुटला असता तर? सकाळी उठून मी कुणाला शोधायला निघाले असते?"

हे बोलणं रागाचं वाटेल, पण त्यामागे हिशोब आहे. बोट सहा नॉटने चालली असेल तर मिनिटाला १८५ मीटर पुढे जाते. तीन मीटरच्या लाटांमध्ये माणसाचं डोकं शंभर मीटरवरून दिसत नाही, मग रात्री तर विचारच नको. झोपलेल्याला पहारा बदलायच्या वेळी कळलं, तोवर बोट अठरा सागरी मैल पुढे गेलेली असते. जोडीदाराच्या झोपेची दया आली म्हणून त्याला न उठवणं हे घरात प्रेम, समुद्रात धोका. त्यानंतर त्याने मला उठवलं नाही असं झालं नाही, आणि मीही त्याला निर्दयपणे हाका मारल्या.

खरी कसोटी अर्धा टप्पा मागे पडल्यावर आली. पहाटेच्या माझ्या पहाऱ्यात डोलकाठीकडून 'टण्' असा एकच आवाज आला. बोटीवर शंभर आवाज असतात, काही दिवसांनी ते सगळे ओळखीचे होतात. हा ओळखीचा नव्हता. मी त्याला उठवलं. उजाडल्यावर दोघंही पट्टे अडकवून डेकवर गेलो आणि एकेक जोड बोटांनी चाचपत निघालो. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या पोलादी तारा असतात. एका तारेत एकोणीस धागे एकत्र पिळलेले. डावीकडच्या, म्हणजे वाऱ्याच्या बाजूच्या एका तारेतला एक धागा खालच्या जोडापाशी तुटून बाहेर आला होता. जोडाच्या आत खारं पाणी साठून धातू गंजतो आणि रोजच्या ताणाने थकतो. तुटतो तो बहुधा तिथेच, जिथे डोळ्यांना दिसत नाही.

एक धागा तुटला म्हणून डोलकाठी पडत नाही. पण त्याचा भार उरलेल्या अठरांवर जातो, मग दुसरा तुटतो, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. सगळ्यात आधी मोठं शीड पूर्ण उतरवलं, पुढचं लहान शीड तेवढं ठेवलं. मग तुटलेल्या जागेच्या वर तारेला घट्ट आवळणारे लोखंडी क्लॅम्प बसवले आणि तिथून डेकवरच्या कडीपर्यंत डायनीमाचा दोर चार-पाच फेरे घेऊन ताणून बांधला. हा दोर दिसायला बारीक, पण तेवढ्याच जाडीच्या पोलादाला भारी पडतो. ऐकायला काम सोपं आहे. हलत्या डेकवर, एका हाताने स्वतःला धरून, पाना हातातून निसटू न देता ते करायला अर्धा दिवस गेला. तो बांधत होता आणि मी क्लॅम्पचे नट एकेक करून त्याच्या तळहातावर ठेवत होते. एक जरी पाण्यात गेला असता तर दुसरा नव्हता.

मोठं शीड नसल्याने वेग उतरला आणि बोटीचं लोळणं वाढलं, कारण ते शीड वाऱ्याच्या दाबाने बोटीला थोडी स्थिर ठेवतं. पुढचे सगळे दिवस आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ त्या तारेपाशी जाऊन उरलेले धागे मोजायचो. अठरा भरले की कॉफी!

भूगोलाच्या शिक्षकाला अशा प्रवासात एक करमणूक असते, ती म्हणजे रेखावृत्तं. ९० अंश पूर्वेला आम्ही ज्यावरून गेलो ती समुद्रतळावरची डोंगररांग, नाइंटी ईस्ट रिज, जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण पाच हजार किलोमीटर पसरली आहे. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकताना खालच्या तप्त केंद्रातून वर आलेल्या लाव्हाने ती बनली. ८२.५ अंशांवर आपली प्रमाणवेळ ओलांडली. पुढे एका दुपारी मुंबईचं रेखावृत्त आलं. तेव्हा सरळ उत्तरेला चार हजार किलोमीटरवर मुंबई होती आणि मधे जमीन म्हणण्यासारखं फारसं काहीच नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "लोकल दिसतेय का?"

रॉड्रिग्ज क्षितिजावर आलं ते ढगाखालच्या काळसर पट्ट्यासारखं. दोन आठवड्यांहून अधिक काळ कोरडी जमीन पाहिली नव्हती. १०८ चौरस किलोमीटरचं हे डोंगराळ बेट मॉरिशसच्या अखत्यारीत आहे, २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. पोर्ट माथुरिनच्या छोट्या बंदरात धक्क्याला बोट बांधली. मॉरिशसहून मालवाहू जहाज येतं तेव्हा सगळ्या बोटींना धक्का सोडून बाहेर थांबावं लागतं, इतकं ते बंदर लहान. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात बायका भाल्याने ऑक्टोपस पकडतात, तो इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. २०१२ पासून मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान त्यावर बंदी असते, म्हणजे पिल्लांना वाढायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या पावसाळी मासेमारीबंदीमागेही हाच हिशोब आहे.

रॉड्रिग्जचं नाव आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावं. २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा सुमारे ४८०० किलोमीटरवरच्या या बेटावर तो आवाज ऐकू आला. लांबून तोफा डागल्यासारखे आवाज येत असल्याची नोंद इथल्या पोलीस प्रमुखाने केली. एवढ्या अंतरावर कानांनी ऐकलेल्या आवाजाची दुसरी नोंद नाही.

तारेचा तात्पुरता आधार तसाच ठेवून आम्ही मॉरिशसकडे निघालो. साडेतीनशेच्या आसपास सागरी मैलांचा हा टप्पा त्यामानाने निमूट गेला. पोर्ट लुईला कस्टम्स आणि इमिग्रेशन झालं, भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला मॉरिशसचा व्हिसा पोहोचल्यावर मिळतो. बंदरालगतच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून ऊसमळ्यांत करारावर राबायला आणलेले मजूर इथे उतरवले जात, २००६ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा ठरवला. त्या मजुरांत मुंबई बंदरातून आलेले, बरेचसे कोकणातले, मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी झाकरी नाच आणि गणपती टिकवले. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आम्ही पोहोचलो ते त्याच दिवसांत. पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात आरती ऐकली, चाल ओळखीची आणि बोलताना मधेच क्रिओल. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी ती माणसं याच समुद्रावरून आली होती, तेही शिडांच्या जहाजाच्या तळघरात, हवामानाचा अंदाज आणि परतीची तारीख दोन्ही नसताना.

मॉरिशसचा काळा कातळ पाहून सह्याद्री आठवतो, आणि ते नातं खरं आहे. ज्या तप्त केंद्रातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा बेसाल्ट बाहेर पडला, त्यानेच पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसच्या खालचा पाया, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन घडवलं. रियुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

पोर्ट लुईत तार बदलून घेतली. जुनी काढली तेव्हा जोडाच्या आत आणखी दोन धागे अर्धे झिजलेले निघाले.

दोघांच्या बळावर समुद्र पार करणं आता नवल राहिलेलं नाही. भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून २ ऑक्टोबर २०२४ ला गोवा सोडलं आणि केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला त्या परतल्या. पंचवीस हजारांहून अधिक सागरी मैल, तेही आम्ही चुकवतो त्या दक्षिण महासागरातून. पण त्यांच्यामागे वर्षांचा सराव होता. निवृत्तीनंतर बोट घेऊ म्हणणाऱ्या जोडप्यांना माझं सांगणं वेगळं नाही. बोटीच्या किमतीआधी तिच्या तारांचं वय विचारा. दहा वर्षांहून जुन्या असतील तर बदलून घ्या, वरून कितीही चकचकीत दिसोत. आणि बोट घेण्याआधी, मुंबईत किंवा गोव्यात शिकवणारे क्लब आहेत तिथे शिकून, किनाऱ्याजवळ सलग तीन रात्री दोघांनीच पहारे वाटून घेऊन काढा. चौथ्या सकाळी एकमेकांशी धड बोलत असाल, तर बोट घ्यायला हरकत नाही.